मानवशास्त्र आमच्या तालुक्यात शिकवा: विदर्भातल्या महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या ग्रामीण महाविद्यालयांचे संस्थाचालक, प्राचार्य आणि अमरावती, नागपूर व गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवरील सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातली. घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. सध्या पुण्यातल्या एका लिबरल आर्ट्स महाविद्यालयात मानवशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून जाता आलं. नाहीतर तिथली वर्षाची फी म्हणजे आमच्या घरातल्या कापसाच्या कितीतरी हंगामांची कमाई. माझ्यासोबत बारावी झालेल्या, माझ्याइतक्याच हुशार मुली गावातच राहिल्या. त्यातल्या काही तुमच्या महाविद्यालयांत बी. ए. करत आहेत. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मागणी सुरुवातीलाच सांगते. पदवीला मानवशास्त्र हा विषय तालुक्याच्या ठिकाणी, मराठीतून शिकवायला सुरुवात करा. मेजर, म्हणजे मुख्य विषय, जमत नसेल तर मायनर, म्हणजे दुय्यम विषय ठेवा, तेही होत नसेल तर कोणालाही घेता येणाऱ्या ओपन इलेक्टिव्हपासून सुरू करा. पण येत्या एक-दोन वर्षांत करा.

मानवशास्त्र घेतलं असं सांगितलं की पांढरकवड्याच्या बसस्टँडवर भेटलेला ओळखीचा माणूस विचारतो, "म्हंजे काय वो बाई? हाडं मोजता का तुमी?" प्रश्न रास्त आहे. हाडंही मोजतात. माणसाचं शरीर कसं घडलं, त्याची जुनी वस्ती जमिनीखाली काय सोडून गेली, तो बोलतो कसा, आणि नाती, देव, शेती, बाजार, आजार यांची मांडणी कशी करतो, या चार बाजूंनी माणसाकडे पाहणारं हे शास्त्र आहे. समाजशास्त्राशी त्याचं नातं जवळचं. पण मानवशास्त्राची खरी ओळख त्याच्या पद्धतीत आहे. एका जागी दीर्घकाळ राहायचं, लोकांची भाषा शिकायची, त्यांच्या कामात हात घालायचा आणि रोज लिहून ठेवायचं. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर असाच राहिला आणि 1922 साली त्याचं पुस्तक आलं, तेव्हापासून हे क्षेत्रकार्य या विषयाचा कणा झालं.

लिबरल आर्ट्सच्या पदवीत पहिल्या वर्षी एकाच विषयाला जुंपत नाहीत. मी जीवशास्त्र, संख्याशास्त्र, तत्त्वज्ञान आणि लेखन हे सगळं एकत्र शिकले, मुख्य विषय नंतर निवडला. वर्गात मुलं थोडी. दर आठवड्याला वाचून यायचं आणि जे वाचलं त्यावर बोलायचं. बाईंचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगायचं, फक्त कारण द्यायचं. गाईडवर पास होता येत नाही, कारण गाईडच नाही. हे वातावरण इमारतीमुळे किंवा पैशामुळे येतं असं मला वाटत नाही. एका टेबलाभोवती दहा-पंधरा मुलं आणि त्यांचं ऐकून घेणारा एक शिक्षक, एवढं तुमच्याकडे आजही जमू शकतं.

विषय एकमेकांत मिसळून शिकण्याची गरज कुठे पडते, हे विदर्भातल्या माणसाला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरून लगेच कळेल. पूर्व विदर्भात आणि आमच्या भागातही हा आजार कितीतरी घरांत आहे. जीवशास्त्राच्या तासाला मी शिकले की आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. जैविक मानवशास्त्रात शिकले की हा जनुकदोष मलेरियाच्या मुलखात टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे 1954 साली दाखवलं. आणि आरोग्याच्या मानवशास्त्रात आम्ही चर्चा केली ती या आजाराची तपासणी झाल्यावर घरात काय घडतं याची. सोयरीक जुळवताना मुलीचं तपासणीचं कार्ड लपवलं जातं. मुलाची तपासणी करायचं कोणी नावच काढत नाही. दुखणं उठलं की "अंगचोर आहे" म्हणून सुनेला बोल लावतात. रक्ताची तपासणी सरकार करतं, ते चांगलंच आहे. पण त्या कागदाचं घरात काय होतं हे पाहायला त्याच घरातली, त्याच बोलीत बोलणारी, शिकलेली मुलं लागतात. प्राणिशास्त्राचे सर एका इमारतीत आणि समाजशास्त्राच्या मॅडम दुसऱ्या इमारतीत, असं राहिलं तर अशी मुलं तयार होणार नाहीत.

आपल्या मुलखाचा अभ्यास झाला नाही अशी माझी तक्रार नाही. खूप झाला. आर. व्ही. रसेल या सनदी अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड लिहिले, ते 1916 साली निघाले. त्यात गोंड, कोरकू, कोलाम, कुणबी, महार, पारधी सगळे आहेत. काही नोंदी आज अमोल आहेत, काही वाचताना मान खाली जाते, कारण लिहिणारा राज्य करायला आला होता आणि ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची यादी बनवत होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत पारध्यांसारख्या समाजांवर बसलेला शिक्का, तो कायदा 1952 साली रद्द होऊनही, आजही पोलीस ठाण्यात दिसतो. आमच्या पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामी राज्यातल्या आदिलाबादेत, 1940 च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ राहिला. त्याने राजगोंडांवर लिहिलं, आणि त्याच्या प्रयत्नातून मारलावाईला गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारं केंद्रही उभं राहिलं. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. पण नदीच्या अलीकडे, ऐंशी वर्षांनंतर, केळापूर-झरीच्या पोडातला, म्हणजे कोलामांच्या वस्तीतला, मुलगा कोलामांविषयी वाचतो तो स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधून. यूपीएससीला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, त्याच्या दुसऱ्या पेपरात भारतीय जमाती आहेत. त्या नोट्स दिल्लीच्या क्लासमध्ये तयार होतात आणि आपल्या पोरांकडे झेरॉक्स होऊन येतात.

आपल्याकडे काय आहे याची आपल्या महाविद्यालयांना पुरती जाणीव आहे का, असा प्रश्न मला पडतो. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली भाषा. गोंडी आणि कोलामी द्राविडी. आपली वऱ्हाडी मराठीच. बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडे मोजके लोक निहाली बोलतात, जिचं नातं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी पक्कं जुळवता आलेलं नाही. इतक्या भाषाकुळांचे लोक एकाच मुलखातल्या आठवडी बाजारांत सौदा करतात, असं चित्र देशात सहज सापडणार नाही. नागपूरच्या भोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे लोहयुगीन शिळावर्तुळं आहेत. नागपुरात अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या मानवशास्त्र संस्थेचं केंद्र आहे, 1863 साली सुरू झालेलं संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आहे. लायब्ररी आणि प्रयोगशाळा नाही म्हणून विषय सुरू करता येत नाही, हे उत्तर विदर्भात तरी मला पटत नाही.

आता माझ्या शिक्षणातल्या एका छोट्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या पत्राचं खरं कारण तेच आहे.

दुसऱ्या वर्षी आम्हाला वंशावळ काढायला सांगितली. पद्धत जुनी आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा डॉक्टर 1898 च्या, ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत ती वापरू लागला आणि नंतर निलगिरीतल्या तोडा जमातीतही त्याने तीच वापरली. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला दोन समांतर रेघा, मुलांना खाली उतरणारी रेघ. मेलेल्या माणसावर तिरपी रेघ. दिवाळीला घरी आले तेव्हा ओसरीत चार्टपेपर पसरला आणि आजीला विचारायला बसले. आजी सुरुवातीला कंटाळली, मग तिला सूर सापडला. पुरुषांची नावं भराभर आली. बायकांपाशी गाडी अडली. आजीच्या सासूचं माहेरचं नाव काय? "तिले सारेच पाटनबोरीवाली म्हनत. नाव कोनाले ठाव!" तिच्या सासूचं? तीही कुठल्यातरी गावची 'वाली'. एकेका गोलात नावाच्या जागी गावाचं नाव लिहीत गेले आणि तासाभरात माझ्यासमोर नकाशा तयार झाला. कुठल्या गावातून आमच्या घरात मुली आल्या, कुठे दिल्या, पैनगंगेपलीकडचे पाहुणे कसे झाले, कुठल्या दुष्काळानंतर ते येणं-जाणं तुटलं. मामाच्या मुलीशी झालेली लग्नं, जी दक्षिणेत चालतात आणि उत्तरेत सहसा चालत नाहीत, ती तर चार्टवर डोळ्यांनाच दिसत होती. इरावती कर्व्यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात उत्तर आणि दक्षिण भारताच्या नातेव्यवस्थांच्या मधला पट्टा म्हणून महाराष्ट्र का मांडला, हे मला ओसरीत समजलं. शेवटी आजीने न विचारता सांगितलं की नाल्याकाठचं वावर तिच्या सासूने स्वतः दगडं वेचून वाहितीत आणलं. सातबाऱ्यावर त्या बाईचं नाव कधीच लागलं नाही. आजी म्हणाली, "आमाले कोनी इचारलंच नाही आजवरी."

वर्गात हा चार्ट भिंतीवर लावला, चर्चा झाली, गुण मिळाले. पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट नंतर घडली. वन हक्क कायद्याचे नियम वाचत होते. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना जंगल-जमिनीवर हक्क मागता येतो तो हा कायदा 2006 चा, नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू. त्यातल्या तेराव्या नियमात दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात याची यादी आहे. सरकारी कागद आहेतच. शिवाय विहिरी, दफनभूमी, देवस्थानं अशा जुन्या खुणा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब. जुन्या नोंदीत नाव असलेल्या पूर्वजापर्यंत पोचणारी वंशावळ. आणि रूढी-परंपरांचं नामांकित संस्थांनी केलेलं संशोधन, ज्यात उदाहरण म्हणून अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हेचं नाव चक्क नियमातच लिहिलं आहे.

म्हणजे मी पुण्यात जे शिकत होते, ते इथे लोकांना पुरावा म्हणून हवं होतं. वंशावळ काढणं, म्हाताऱ्यांचे जबाब नीट लिहून घेणं, देवाच्या जागांची आणि जुन्या वस्त्यांची नोंद करणं, हा मानवशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशांना तर तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. तेवढी वंशावळ कोण काढून देणार? आमच्या भागात पुराव्याअभावी अडकलेले दावे मी पाहिले आहेत. त्या घरांतली मुलं शेजारच्याच गावी महाविद्यालयात जातात आणि वर्षभरात त्यांना यातलं काहीही शिकवलं जात नाही.

गाव स्वतः अभ्यास करू लागलं की काय होतं, हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं आहे. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतात. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत रुजवली. कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 साली गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथे गावकरी आणि बाहेरून आलेले जाणकार एका सतरंजीवर बसून शिकले. आपली पदवी महाविद्यालयं अशा अभ्यासगटाची कायमची सोबती होऊ शकतात.

आणि आता त्यासाठी जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2024-25 पासून संलग्नित महाविद्यालयांतही मेजर-मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, समाजसहभाग आणि क्षेत्र प्रकल्प आले. क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. माझ्या मैत्रिणींचे प्रकल्प मी वाचले. एक प्रश्नावली, पन्नास घरं, हो-नाहीची उत्तरं, पाय चार्ट, निष्कर्ष. दोष मुलींचा नाही, त्यांना दुसरं कोणी शिकवलंच नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. हातमोजे, मास्क वापरले नाहीत, हे उत्तर सगळ्यांना लगेच मिळालं. पण ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, रोजाने फवारणाऱ्या माणसाला तो मास्क किती मिनिटं सहन होतो? औषधांचं मिश्रण कोण ठरवतं, मालक की कृषी केंद्राचा दुकानदार? डब्यावरचं वाचून कोण सांगतं? मळमळ झाल्यावर तो दवाखान्यात का जात नाही? प्रश्नावलीने हे कळत नाही. सोबत वावरात उभं राहून कळतं. आपली मुलं त्या वावरांतच वाढली आहेत. त्यांना पाहिलेलं लिहायची शिस्त तेवढी द्यायची आहे.

तुमच्या अडचणी मला ऐकून माहीत आहेत. जागा रिक्त आहेत, अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, नव्या विषयाला पद मंजूर होत नाही. म्हणून सुरुवात आहे त्या माणसांवर करा. उत्क्रांती आणि आनुवंशिकता प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी शिकवावी, नातेव्यवस्था समाजशास्त्राने, लोककथा आणि बोली मराठी विभागाने, शिळावर्तुळं इतिहासाने. तीन-चार महाविद्यालयांनी मिळून मानवशास्त्रात नेट झालेला एक शिक्षक घ्यावा, त्याने आठवडा वाटून द्यावा. असं शिकवणं म्हणजेच लिबरल आर्ट्स, मोठ्या शहरात त्याला मोठं नाव आहे इतकंच.

पुस्तकं मराठीत नाहीत हे अर्धंच खरं आहे. इरावतीबाई मराठीतून आणि इंग्रजीतून सारख्याच ताकदीने लिहीत होत्या. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे अहवाल आहेत. उरलेलं आपण तयार करू. आपल्या मुलांच्या नोंदी हेच पाच-दहा वर्षांत सगळ्यात चांगलं पाठ्यपुस्तक होईल, आणि त्यात गोंडी, कोलामी, कोरकूतले उतारे मूळ बोलीत राहावेत असं मला फार वाटतं.

नोकरीचं विचाराल. माझ्या वडिलांनीही विचारलं. आदिवासी विकास, आरोग्य, वन हक्क, संग्रहालयं, सामाजिक संस्था, संशोधन प्रकल्प या सगळ्यांना गावात राहून ऐकू आणि लिहू शकणारी माणसं लागतात. स्पर्धा परीक्षेचं वर सांगितलंच. प्रत्येकाला नोकरी लागेल असं वचन मी देणार नाही, पण आज ज्या विषयांत तुम्ही बी. ए. देता त्यांचीही स्थिती तुम्हाला ठाऊक आहे.

एका गोष्टीवर मात्र तडजोड करू नका. हा विषय आपल्याकडे शिकवायचा तर त्याची नीती पहिल्या तासापासून शिकवावी लागेल. विचारल्याशिवाय देवाच्या जागेचा फोटो काढायचा नाही. सिकलसेलच्या घराचं नाव लिहायचं नाही. आपण सांगणाऱ्याच्या जातीपेक्षा वरच्या मानल्या गेलेल्या जातीतले असू, त्याच्या वावराचे मालक असू, तर तो आपल्याला 'नाही' म्हणू शकत नाही, हे लक्षात ठेवायचं. गावातल्या मुलाला गावात अभ्यास करणं म्हणूनच जास्त अवघड आहे. आणि प्रत्येक प्रकल्प गुण द्यायच्या आधी ग्रामसभेत वाचून दाखवावा, एक प्रत तिथेच ठेवावी, ही अट अभ्यासक्रमातच घाला. आजवर पाहणीसाठी गावातून भरून गेलेले फॉर्म परत आले नाहीत. पुढची वही तरी गावात राहिली पाहिजे.

अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत मानवशास्त्राच्या मायनरचा विषय घ्यावा, एवढी विनंती आहे. पहिल्या दोन सत्रांचा आराखडा मी मराठीत लिहून काढला आहे. त्यात वाचन, तासांचं वेळापत्रक, वंशावळीचा सराव, तेराव्या नियमाप्रमाणे जबाब लिहून घेण्याचा नमुना, अजब बंगल्याची आणि जुनापाणीची सहल हे सगळं आहे. जे महाविद्यालय मागेल त्याला तो पाठवते, हवा तसा बदला. माझी परीक्षा एप्रिलमध्ये संपते. मे महिन्यात मी गावी आहे. केळापूर, झरी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव, कुठल्याही महाविद्यालयाने शिक्षकांसाठी किंवा मुलांसाठी चार दिवसांची कार्यशाळा ठेवली तर मी विनामोबदला येईन. येताना चार्टपेपर मी आणते, तुम्ही फक्त एक खोली उघडून द्या आणि मुलांना सांगा की सोबत आजी-आजोबांना आणायचं आहे.

आपली नम्र,
केळापूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी